कालच्या फोटोवर आजचा फोटो

माझी मुलगी घरी बसून फोनची ॲप बनवते. हे वाक्य सरळ तोंडाने लोकांना सांगायला मला दोन वर्षं लागली. त्याआधी कोणी विचारलं की मी "कंपनीत आहे" म्हणायचे, कारण पूर्वी ती होतीच. हायटेक सिटीकडच्या एका मोठ्या कंपनीत ती चौदा वर्षं जात होती. सकाळी साडेसातला बस, संध्याकाळी अंधार पडल्यावर परत. करोनात घरून काम केलं, आणि ऑफिसं पुन्हा उघडली तेव्हा तिने राजीनामा दिला. मला विचारलं नाही, सांगितलं. मी तेव्हा भेंडी चिरत होते. म्हटलं, "मग आता काय करणार?"

"माझं स्वतःचं."

मी भेंडी चिरत राहिले. एक्केचाळीस वर्षांच्या बाईला काय सांगायचं.

लग्न तिने केलं नाही. तो विषय आमच्यात केव्हाच संपला. तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते, ते जाऊन अकरा वर्षं झाली. नल्लकुंट्यात तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघीच राहतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत, जामबागेजवळच्या मराठी शाळेत. वाचता लिहिता येतं, हिशेब येतो. फोनही वापरता येतो, कारण घरात फोन सोडून दुसरं काही नसतंच.

तिची खोली म्हणजे पूर्वीची तिच्या वडिलांची खोली. एक टेबल, कॉम्प्युटरचे दोन पडदे, एक चाकांची खुर्ची. खणात पाच जुने फोन. एक छोटा, एक मोठा, एक काच तडकलेला, एक कोणा मैत्रिणीने टाकून दिलेला, आणि एक इतका संथ की त्याच्यावर काही उघडायला लावून मी कुकरची शिट्टी करून येते. ॲपमध्ये काही बदललं की ती पाचांवर चालवून बघते. ती नऊला उठते, बिनदुधाची कॉफी घेते आणि बसते. मी साडेबाराला ताट ठेवते. एकला ते झाकते. दीडला ती येऊन गार वरण-भात खाते आणि म्हणते, "छान झालंय." काय झालंय हे तिला माहीत नसतं. एकदा मी मुद्दाम मीठ घातलं नव्हतं. तरी छान झालं होतं.

चार वाजेपर्यंत ती कोणाशी एक शब्द बोलत नाही. शेजारच्या तेलुगू बाई मला जिन्यात विचारतात, "पाप इंट्लोने उंटुंदा?" मुलगी घरातच असते का? मी मान हलवते. त्यांना वाटतं ती आजारी आहे.

चारला उजेड तिरपा होतो म्हणे. तेव्हा ती कॅमेरा गळ्यात घालून खाली जाते. कॅमेरा पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून घेतलेला, आता जुना झाला, पण ती त्याला तान्ह्या पोरासारखं पुसते. फोटो कशाचे काढते म्हणाल तर बंद शटरचे, भिंतीवरच्या विजेच्या वायरींचे, इस्त्रीवाल्याच्या गाडीवरच्या घड्यांचे. माणसाचे काढत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, माणसं तोंड नीट करतात. ते मला पटलं.

मागच्या वर्षी आम्ही बेगम बाजारात गेलो होतो, वर्षाच्या मिरच्या आणि एक मोठा स्टीलचा डबा घ्यायला. मी भांड्यांच्या दुकानात डब्याची झाकणं लावून बघत होते आणि ही बाहेर उभी राहून ताडपत्रीच्या फटीतून पोत्यांवर पडलेल्या उन्हाचे फोटो काढत होती. दुकानदार म्हणाला, "क्या अम्मा, बेटी पेपर में है क्या?"

"नहीं."

"फिर दुकान का फोटू कायकू?"

"उसको धूप पसंद है."

"धूप तो मुफत है, लेने दो. तुम डब्बा लेते क्या नक्को?"

मी डबा घेतला. परतताना रिक्षात तिने मला कॅमेऱ्यात बघायला लावलं. मला पोतं दिसलं. तिला काय दिसलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. रिक्षात धक्के फार बसत होते.

आता तिचं ॲप. रोज एकाच गोष्टीचा, एकाच जागेवरून, एक फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं की कालचा फोटो पडद्यावर पुसट दिसतो, दुधाच्या सायीतून बघावं तसा. त्याच्यावर आजचा बरोबर बसवायचा आणि बटण दाबायचं. असे वर्षभराचे फोटो झाले की ते एकामागून एक पळवायचे. मग पोर वाढताना दिसतं, घर बांधून होताना दिसतं. एक मनुष्य टकलावर औषध लावून रोज टकलाचा फोटो काढत असे. त्याने तिला लिहून कळवलं होतं की दोन वर्षांत केस काही आले नाहीत, पण ॲप चांगलं आहे.

लोक वापरत होते, पण फार नाही. महिनाभर उत्साहाने काढायचे आणि सोडून द्यायचे. ती म्हणायची, कारण एकच, फोटो नीट जुळवायला कंटाळा येतो. म्हणून तिने नवीन काम हातात घेतलं. लोकांनी फोन कसाही धरावा, थोडा वर, थोडा खाली, वाकडा, आणि ॲपने आपलं आपण तो फोटो कालच्यावर सरळ बसवावा. ह्या एका गोष्टीवर ती सात महिने बसली होती.

सात महिने कमी नसतात. खुर्चीचं एक चाक मोडलं. तिचा चष्मा बदलला. मान आखडली म्हणून मी रोज एरंडेल चोळून द्यायची.

आणि उन्हाळ्याच्या शेवटी तिला एक फोन आला. पूर्वीच्या कंपनीतले तिचे एक वरिष्ठ दुसरीकडे गेले होते. त्यांना ही हवी होती. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर, दवाखान्याचा विमा, त्यात मीसुद्धा. त्यांनी घाई केली नाही. म्हणाले, ऑक्टोबरात जागा भरायची आहे, तोपर्यंत कळव.

तिने मला सांगितलं, "हे नवीन चाललं तर मी राहते. नाही चाललं तर जाते."

मला वाटलं, न चालो. हे मी कोणाला सांगितलं नाही, पण इथे लिहिते. मी शहात्तरची आहे. मला माझी चिंता नाही. मी गेल्यावर ही त्या मोडक्या खुर्चीत पाच फोनांबरोबर बसून राहील आणि हिला जेवलीस का म्हणून विचारायला माणूस नसेल, ही चिंता आहे. ऑफिसात निदान डबा खाताना समोर कोणी असतं.

पण तिने मला कामाला लावलं होतं. नवीन काम बरोबर झालं की नाही हे बघायला रोज वापरणारी माणसं लागतात. तिच्या दोन मैत्रिणी हो म्हणाल्या, आठ दिवस फोटो काढले आणि सोडून दिलं. त्यांना घरदार आहे. तिने स्वतः पाचही फोनांवर काढून बघितलं, पण तिचा हात कॅमेऱ्याला सरावलेला, तो हलतच नाही. राहिले मी.

माझा उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले कंपवात नाही, वय आहे. कपातला चहा बशीत सांडतो, सुईत दोरा जात नाही. ती म्हणाली, "आई, तुझ्या हाताने फोटो जुळले तर जगात कोणाच्याही हाताने जुळतील." तिने तडकलेला फोन मला दिला. गॅलरीतल्या कुंडीत फोडणीसाठी लावलेला गोडलिंब आम्ही नुकताच बुडापर्यंत छाटला होता, त्याला नवे कोंब येत होते. म्हणाली, ह्याचा काढ. रोज सकाळी एक.

"काय करायचं नीट सांग."

"कालचा पुसट दिसेल. त्याच्यावर आजचा बसला की बटण दाब. बास."

पहिल्या दिवशी मी फोन हातात धरला. पुसट कुंडी इकडे आणि खरी कुंडी तिकडे. फोन सरळ करायला गेले की हात थरथरे आणि दोन्ही कुंड्या एकमेकींवर नाचत. पाच मिनिटं मी तशी उभी होते. मग मला कळलं की हे असं जमायचं नाही, आणि मी मला जमेल तसं केलं.

घरात पंगती असायच्या तेव्हा पाट मांडायचं काम माझं होतं. चाळीस पाट, एका ओळीत, दोन पाटांत वीतभर जागा, आणि पुढची पंगत बसवायला ते उचलून पुसून पुन्हा त्याच जागी. मी फरशीच्या सांध्यांवर खुणा धरायची. इथेही तेच केलं. बेगम बाजारातून आणलेला डबा गॅलरीच्या दाराशी पालथा घातला. त्याच्यावर वरवंटा ठेवला आणि वरवंट्याला फोन टेकवला. डबा जिथे ठेवला तिथे फरशीवर मुलीच्या वाळत आलेल्या नेलपॉलिशचे चार ठिपके दिले. डब्यावर फोनच्या दोन कोपऱ्यांशी दोन. आणि कुंडीखाली तीन. रोज गॅलरी धुताना कुंडी हलायचीच, पाणी घालताना फिरायची. मी फोन लावून बसायची, पुसट चित्रात बघायची आणि पायाने कुंडी सरकवायची. थोडी डावीकडे, थोडी फिरवून, तोच कोंब पुढे येईल अशी. बसली की डाव्या हाताच्या करंगळीने बटण दाबायचं. डावा हात माझा थरथरत नाही. मग डबा, वरवंटा आत. ती उठायच्या आत सगळं जागच्या जागी.

लपवलं नव्हतं. स्वयंपाकाला डबा लागतो म्हणून आत ठेवायची.

आठवड्याने ती माझे फोटो पळवून बघायची. कुंडी खिळा ठोकल्यासारखी एका जागी आणि कोंब मात्र वाढतायत. मागच्या भिंतीची रेघसुद्धा हलायची नाही. ती खुर्चीत मागे रेलून म्हणायची, "बघ आई. तुझ्या हाताने." मलाही बरं वाटायचं. तिचं चालू नये असं मनात होतं आणि तिने शाबासकी दिली की बरंही वाटायचं. दोन्ही खरं होतं.

असे तीन महिने झाले. गोडलिंब गुडघ्याएवढा वाढला. सप्टेंबर संपताना तिने ते नवीन ॲप लोकांसाठी सोडलं. त्या दिवशी तिने माझ्याबरोबर गरम जेवण केलं.

चौथ्या दिवसापासून तक्रारी यायला लागल्या. लोक ॲपखाली तारे देतात आणि काय वाटलं ते लिहितात. आधी पाच-चार तारे असायचे, आता एक. ती दिवसभर ते वाचायची आणि पाचही फोनांवर पुन्हा पुन्हा फोटो काढायची. तिच्या हाताने सगळे जुळायचे. मी काढलेले फोटो उघडून बघायची, ते तर जुळलेलेच. चूक आहे कुठे हेच तिला सापडेना. वरिष्ठांचा निरोप आला की सोमवारपर्यंत सांग, नाहीतर दुसरं माणूस घेतो.

गुरुवारी जेवताना ती फोन ताटाशेजारी ठेवून मला वाचून दाखवत होती. कोणा बाईने लिहिलं होतं की हात जरासा हलला की बाळाचं अर्धं डोकं कापलं जातं, सहा महिने रोज काढलेल्या फोटोंची ओळ बिघडली.

मी म्हटलं, "हात हलला की म्हणजे कसा?"

"म्हणजे काय आई. लोक फोन हातात धरतात ना. दगडाला टेकवून ठेवत नाहीत."

ती चिडून बोलली आणि पापड मोडला. मी घास तसाच धरून बसले. वरवंटा मागे ओट्यावर होता.

तिथे मला सगळं कळलं. चौथी शिकलेल्या बाईलाही कळण्यासारखं होतं. वाकडा फोटो सरळ करायचं यंत्र तिने बनवलं आणि मी तीन महिने त्याला एकही वाकडा फोटो दिला नाही. त्याने काहीच काम केलं नव्हतं. काम मी केलं होतं, पायाने.

मी बोलले नाही. घास खाल्ला, ताट उचललं, भांडी घासली.

शुक्रवारीही बोलले नाही. मला नीट ठाऊक होतं मी काय करते आहे. सोमवार तीन दिवसांवर होता. मी गप्प बसले तर ती हरून नोकरीला जाणार होती. जाऊ दे, मी मनात म्हणाले. हरून गेली तरी जाईल. चार लोकांत बसेल, विमा मिळेल, मान सरळ होईल. महिन्याभरात हे सगळं विसरेल. सकाळी मी डबा पालथा घातला, फोन टेकवला, कुंडी सरकवली आणि करंगळीने बटण दाबलं. त्या दिवशी मात्र ती लबाडी होती. आधीचे तीन महिने नव्हती.

शनिवारी दुपारी चार वाजले तरी ती खाली गेली नाही. खोलीत डोकावले तर कॅमेरा पुसून पिशवीत घालत होती. त्याचा पट्टा गुंडाळून रबर लावत होती.

"आज नाही जायचं?"

"नाही. हा कोणाला हवा असेल तर देऊन टाकते."

"कॅमेऱ्याने काय केलं?"

"काही नाही." ती हसली. "मला आता येत नाही, आई. पूर्वी यायचं. चूक समोर असते आणि मला दिसत नाही. डोकं गेलंय माझं. ऑफिसात बसेन, दुसऱ्याने सांगितलेलं करेन. तेवढं जमेल."

मी दारातच उभी राहिले. मला चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा घरातले कर्ते काका हेच म्हणाले होते. हिला डोकं नाही, पुढे घालून उपयोग नाही. गणितात मी वर्गात पहिली होते. पण काकांनी म्हटलं म्हणून मी ते खरं धरलं, आणि वीस-पंचवीस वर्षं कोणी काही विचारलं की मला काय कळतं म्हणून गप्प बसायची. पुढे काकू मरायच्या आधी एकदा सहज बोलून गेली की तेव्हा ती बाळंत होती, भाकऱ्या टाकायला घरात माणूस नव्हतं. एवढंच होतं ते. डोक्याचा काही संबंध नव्हता.

मुलीने नोकरी धरावी हे मला अजूनही वाटत होतं. पण ह्यासाठी नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "गॅलरीत चल."

"कशाला?"

"चल म्हणते तर."

मी डबा आणला, ठिपक्यांवर ठेवला. वरवंटा ठेवला, फोन टेकवला. कुंडी पायाने लावली. ती बघत होती. मग खाली उकिडवी बसली आणि फरशीवरचे ठिपके एकेक बोटाने बघितले.

"हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"सगळे फोटो असेच?"

"मध्ये तीन दिवस तापाने पडले होते, तेवढे नाहीत. ते काढलेच नाहीत."

"आई, मला सांगायचं नाही?"

"तू विचारलं नाहीस. बसव म्हणालीस, मी बसवला."

ती ठिपक्यांकडे बघत राहिली. म्हणाली, "मला दिसत होतं की तुझे फोटो हललेलेच नाहीत. आकडे होते माझ्यासमोर. मला वाटलं तू पुसट फोटो बघून छान धरतेस."

"ह्या हाताने?"

"हो, ह्या हाताने." तिने कपाळाला हात लावला. "तुझ्या हातून चहा सांडतो हे मी रोज बघते."

खाली भाजीवाला ओरडत गेला. मग तिने विचारलं, "हे तुला आज कळलं?"

"गुरुवारी. जेवताना."

"आज शनिवार आहे."

"हो."

"दोन दिवस गप्प बसलीस?"

"तू नोकरी धरावीस म्हणून."

ती उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ती ओरडणारी नाही, तिचे वडील ओरडायचे. तिने फक्त विचारलं, "मग आता कशाला सांगितलंस?"

"डोकं गेलंय म्हणालीस. ते खरं नाही. बाकी जायचं की राहायचं तुझं तू बघ."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. संध्याकाळी जेवली नाही. मी जेवले. माझी गोळी जेवणानंतरची असते.

रविवारी सकाळी ती सात वाजता उठली. चहा घेताना माझ्याशी बोलली नाही, पण चहा झाल्यावर फोन माझ्या उजव्या हातात दिला. "हातात धरून काढ. नीट काढायचा प्रयत्न करू नकोस. जसा येईल तसा."

मी काढले. उभी राहून, बसून, एका हाताने, दोन्ही हातांनी. साठ-सत्तर काढले असतील. एकात माझं बोट आलं, एकात नुसती भिंत. पाय दुखायला लागले. ती तिथेच गॅलरीच्या उंबऱ्यावर मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसली होती आणि प्रत्येक फोटोला ॲप काय करतं ते बघत होती. कुंडीचं अर्धं तोंड कापलं जायचं, झाड तिरकं व्हायचं, कडेला काळी पट्टी यायची. एकही धड बसला नाही. आणि तिचा चेहरा कसा झाला होता म्हणाल तर पोरीच्या केसांत तासभर फणी फिरवल्यावर एक ऊ सापडली की बाईचा होतो तसा. दुपारी ताट ठेवलं तेव्हा ती स्वतः उठून आली आणि म्हणाली, "सारात चिंच जास्त झालीय." मी म्हटलं, "चांगलं आहे, जीभ आहे तुला."

सोमवारी अकराला तिने वरिष्ठांना फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. दोन महिने थांबाल का असं तिने विचारलं. ते थांबणार नव्हते, त्यांची चूक नाही. मग ती बराच वेळ ऐकत होती, मध्येमध्ये "हो सर, कळतं सर" म्हणत होती. फोन ठेवून ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"नाही म्हणून सांगितलं."

"मला वाटतं तू चूक केलीस."

"मलाही थोडं तसं वाटतं."

"मग?"

"मग काय. चूक सापडली आहे, ती तशीच टाकून नाही जाता येत." तिने टोपलीतली काकडी उचलून तोंडात घातली. "दुसरी नोकरी मिळेल, आई."

"तुझ्या वयाला?"

"नाही मिळाली तर नाही."

मी गॅस बारीक केला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. तिने खराब ॲप मागे घेऊन जुनं लावलं आणि लोकांची माफी मागणारं एक पत्र लिहिलं. ते तिने मला मराठीत करून सांगितलं. त्यात माझा उल्लेख नव्हता, चूक तपासणीत राहिली एवढंच होतं. मी म्हटलं, खरं लिही, म्हातारीने कुंडी सरकवली म्हणून. ती म्हणाली, कोणाला खरं वाटणार नाही.

ह्याला आता आठ महिने झाले. नवीन ॲप डिसेंबरात पुन्हा आलं, ह्या वेळी चालतं. गेलेले लोक थोडे परत आले, बरेच नाही आले. दुसरी नोकरी आलेली नाही. ती अजून नऊला उठते, गार जेवते, चारला खाली जाते. सांगितल्याचा मला पस्तावा होतो का? काही दिवशी होतो. तिची पाठ दाराकडे असते, खुर्ची कुरकुरते, दोन पडद्यांचा उजेड भिंतीवर पडलेला असतो आणि घरात माझ्या चपलांशिवाय आवाज नसतो, अशा दिवशी होतो. मी अजून रोज सकाळी फोन हातात धरून गोडलिंबाचा एक फोटो काढते, ॲप तपासायला तिला हाच थरथरता हात लागतो. तो पूर्वीपेक्षा वाईट झाला आहे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, हात थोडा थांबेल म्हणाले. घरी आल्यावर मी ती पुडी तिला दाखवली. तिने उलटीपालटी करून वाचली आणि मला परत दिली.

"घे आई. घ्यायलाच पाहिजे."

"आणि तुझे फोटो?"

"ते मी बघेन. आजचा काढू या तेवढा, आणि गोळी उद्यापासून सुरू कर."

मी तिच्याकडे बघितलं. मग पदर खोचला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले.